चार बोटं मोठं डोकं

पुतळ्याचं डोकं चार बोटं मोठं होतं. ते चुकून झालं नव्हतं. मी मोजूनमापून तसं केलं होतं, आणि ते तसंच राहावं म्हणून पांढुर्ण्यातल्या पाच प्रतिष्ठित माणसांना मी भर दुपारी विहिरीत उतरवलं. अजूनही कुणी जुनं माणूस भेटलं की मला त्यावरून चिडवतं. चिडवोत बापडे.

तेव्हा मी सौंसरला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती आणि आमचं राज्य मोडून नवं होणार असल्याची चर्चा पानठेल्यापासून देवळाच्या ओट्यापर्यंत सगळीकडे चालली होती. नागपूर आपली राजधानी राहते की जाते, आपण विदर्भाबरोबर जातो की इथेच राहतो, यावर सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. अशा दिवसांत पांढुर्ण्याच्या काही मंडळींच्या डोक्यात आलं की बाजाराच्या चौकात एक पुतळा हवा. समिती झाली. कोणत्या पुढाऱ्याचा पुतळा करायचा यावर तीन बैठका भांडणात गेल्या. चौथ्या बैठकीत निवृत्त हेडमास्तर कंटाळून म्हणाले की पुढारी कुणाचाच नको, कापूस वेचणाऱ्या बाईचा करा, तिच्यावरून तरी भांडण होणार नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भांडण होणार नाही म्हणजे तिच्याकडे कुणी नीट बघणारच नाही, असा त्याचा अर्थ होता. तो मला तेव्हा कळला नाही.

हेडमास्तर माझे शिक्षक. मी नागपूरला चित्रकला शिकले होते आणि सुट्टीच्या दिवसांत चितार ओळीतल्या एका म्हाताऱ्या मूर्तिकाराकडे माती मळायला जात होते, हे त्यांना ठाऊक होतं. दुसरं कुणी जवळपास नव्हतं, हेही खरं. त्यांनी माझं नाव सुचवलं. पोरीला सिमेंटचं काय कळतं, असं दोघे म्हणाले, पण शेवटी काम माझ्याकडे आलं.

चितार ओळीतल्या त्या म्हाताऱ्याने मला एकच मोठी गोष्ट शिकवली होती. घरात पाटावर बसणारा गणपती आणि मांडवात उंच बसणारा गणपती, दोघांचं माप एक ठेवायचं नाही. उंचावरची मूर्ती खालून बघितली की पाय जवळ येतात, ते मोठे दिसतात. डोकं लांब जातं, ते सुपारीएवढं होतं. म्हणून वर चढवायच्या मूर्तीचं डोकं, मान, खांदे मुद्दाम थोडे वाढवायचे आणि पाय आवरते घ्यायचे. जमिनीवर ती बेढब दिसते. वर गेली की नीट होते. तो म्हातारा स्वतःच्या मूर्ती जमिनीवर उताणं पडून बघायचा आणि गिऱ्हाइकं त्याला वेडा समजायची.

चौथरा दहा फुटांचा ठरला होता. मी त्या हिशेबाने काम सुरू केलं. सौंसरला जागा नव्हती, म्हणून पांढुर्ण्याजवळच्या आमच्या शेतात, संत्र्याच्या झाडांच्या कडेला एक मांडव घातला. शनिवारी दुपारची शाळा सुटली की मोटारीने यायचं आणि सोमवारी पहाटेच्या मोटारीने परत जायचं. सळयांचा सांगाडा, त्यावर तारेची जाळी, त्यावर सिमेंटचे थर. हातांची सालं निघाली. आई म्हणायची, या हातांना कोण मागणी घालणार? मी म्हणायचे, नका घालू.

समोर उभी राहायला मला एक खरी बाई हवी होती. सावरगावची एक मावशी आमच्याकडे आणि आसपासच्या वावरांत वेचणीला यायची. चाळिशीची, काटक, रुंद कपाळाची, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. तिला विचारलं तर म्हणाली, "उभं रायाचं? नुसतं? असं काम मले सपनातबी कोनी देल्लं नाई." ती वेचलेला कापूस ठेवायची ओटी कमरेला बांधून माझ्यापुढे उभी राहायची आणि पाच मिनिटांत अवघडून जायची. वेचणाऱ्या बाईला सरळ उभं राहायची सवय नसते. दिवसभर वाकायचं, कमरेची ओटी भरायची, पुन्हा वाकायचं. मी ठरवलं, पुतळ्यात ती सरळ उभी राहील. ओटी भरली आहे, पाठ नुकतीच ताठ केली आहे, नजर समोर आहे. चौकात उभ्या माणसाला ती तिच्या खऱ्या मापाची दिसली पाहिजे. बाहुली नको आणि देवीही नको. एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार होते.

पुतळा पुरा होत आला तेव्हा समिती बघायला आली. समितीचे अध्यक्ष पाटील होते, संत्र्याचे मोठे बागायतदार, मोठ्या मिशांचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. हेडमास्तर होते, आणखी तीन व्यापारी होते, आणि बरोबर शिंपी होता. शिंपी कशाला, तर माप घ्यायला! माल जमिनीवर ठेवून पारखल्याशिवाय आमच्याकडे कुणी कापूस घेत नाही आणि बैलही घेत नाही. पुतळा का घेतील? शिंप्याने आधी लाजणाऱ्या मावशीचं माप घेतलं, डोकं, मान, खांदा, हात, पाय, मग पुतळ्याचं घेतलं. त्याने आकडे सांगितले आणि हेडमास्तरांनी मांडवाच्या खांबावर खडूने त्रैराशिक मांडलं. पुतळा सात फुटांचा, मावशी पाचला थोडी कमी, तर डोकं किती हवं? उत्तर आलं. डोकं चार बोटं मोठं.

"मास्तरीणबाई," पाटील म्हणाले, "हिशोब सामने आहे. डोकं छिला."

मी म्हातारा मूर्तिकार सांगितला, मांडवातला गणपती सांगितला, सुपारी सांगितली. काठीने जमिनीवर रेघा ओढून दाखवल्या. हेडमास्तर मान हलवत राहिले, पण खांबावरचं उत्तर त्यांचं स्वतःचं होतं आणि आयुष्यभर त्यांनी बरोबर उत्तराला पैकीच्या पैकी गुण दिले होते. त्यांना ते पुसवेना. पंधरा दिवसांत डोकं कमी करा, नाहीतर दुसरा माणूस बोलावून आम्ही छिन्नी लावतो, असं सांगून समिती मोटारीत बसली.

मी त्या दिवशी रडले. दुःखाने नाही, रागाने. इतका राग आला होता की मांडवातली बादली मी लाथेने उडवली आणि पायाचं नख फोडून घेतलं. वर चढवून दाखवायला चौथरा नव्हता, तो पुतळा पसंत पडल्यावर बांधायचा होता. सात फुटांचं सिमेंट दहा फूट वर उचलायला माझ्याकडे काय होतं? दोन बैल, एक गडी आणि फुटलेलं नख.

दुसऱ्या दिवशी लंगडत मांडवाबाहेर आले आणि समोर बाबा नवी विहीर खणत होते तिकडे लक्ष गेलं. विहीर आमच्याकडच्या विहिरींसारखी ऐसपैस, वीस फूट रुंद, आणि दहा-अकरा फुटांवर काळा पाषाण लागून थांबलेली. मोहगावचा सुरुंगवाला यायचा होता. तोवर ती नुसती कोरडी, शिडी लावलेली पडली होती. मी काठावर उभी राहून खाली बघितलं, मग शिडीने खाली उतरून वर बघितलं. काठावर गडी उभा होता. त्याचे पाय मोठे दिसत होते आणि डोकं लहान.

पुतळा वर जात नव्हता. मग समिती खाली जाईल.

बाबांना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून बसले. "पोरी, हे विहीर मी पान्यासाठी खंदून राह्यलो का तुह्या कमिटीसाठी?" पण सुरुंगवाल्याला त्यांनी आठ दिवस थांबायचा निरोप धाडला. मांडव काठापासून बारा-पंधरा पावलांवर होता. लाकडी ओंडके खाली घालून, बैल जुंपून, इंच इंच सरकवत आम्ही पुतळा काठाशी आणला. त्याला अख्खा रविवार लागला. बैलांनी माझ्यासाठी जेवढं केलं तेवढं समितीने कधी केलं नाही.

समितीला मी कळवलं की डोक्याचं काय ते शेवटचं बघून जा. त्यांना वाटलं डोकं छिललं असेल. आले, पुतळा तसाच बघून पाटलांच्या मिशा थरथरल्या. मी म्हटलं, "काका, पुतळा चौथऱ्यावर जसा दिसेल तसा बघायचा असेल तर खाली चला. खालून वाईट दिसला तर मी स्वतः छिन्नी लावते, तुमच्यासमोर." शेतकरी माणसाला विहिरीत उतरायचं काही वाटत नाही, पाटील धोतर खोचून पहिले उतरले. त्यांच्यामागे तिघे व्यापारी. हेडमास्तर शिडीवर मध्येच थांबून "अगं, माझा गुडघा" म्हणाले, पण उतरले. मी त्यांना पुतळ्याच्या समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि वर बघायला सांगितलं. वर पुतळ्याशेजारी मावशी उभी होती. तुलनेसाठी मीच तिला उभं केलं होतं.

हेडमास्तर म्हणाले, "अरे!" एवढंच. शेजारी उभ्या खऱ्या मावशीचं डोकं खालून लहानसं दिसत होतं आणि सिमेंटच्या मावशीचं अगदी तिच्या अंगाचं. ओटी, खांदे, मान, रुंद कपाळ, सगळं जिथल्या तिथे. मला माझ्या कामाचा इतका अभिमान त्याआधी वाटला नव्हता, नंतरही नाही.

"डोकं बराबर दिसून राह्यलं," पाटील म्हणाले. "आता खोटं कायले बोलू? पन मास्तरीणबाई, एवढ्या वर काहून पाह्यजे? तीन फुटाचा चौथरा करू. अन् मंग त्या हिशोबानं डोकं कमी करा."

"तीन फूट कशाला? दहा तुम्हीच ठरवले होते."

"तवा मले काय मालूम होतं का तुमी सावरगावची हेच बाई उभी करान? तोंड तं पाहा, हुबेहूब. माह्या वावरात वेचते थे. सकाळी मी तिले म्हनन वेच, अन् दुपारी चौकात येऊन तिच्याकडं मान वर करून पाहीन? लोक काय म्हनतीन?"

तेव्हा मला कळलं. भांडण डोक्याच्या मापाचं नव्हतंच. शिंपी, टेप, त्रैराशिक सगळं नंतर आलं होतं. पाटलांना खाली उभं राहून वर बघायचं नव्हतं. माझं डोकं तडकलं. मी म्हटलं, "मग तसं सांगा ना काका. तुमच्या मानेसाठी मी तिची मान कापणार नाही."

पाटील काही बोलायच्या आत वरून आवाज आला. मावशी काठावर पुढे येऊन उभी होती. एरवी पाटलांपुढे ती पदर नीट करूनच बोलायची, त्या दिवशीही तिने आधी पदर नीट केला. "पाटील," ती म्हणाली, "मी बारा मयने वाकून रायतो. तुमाले एक डाव मान वर करा लागन तं काय बिघडते?"

विहिरीत आवाज घुमतो. ते वाक्य आम्ही सगळ्यांनी दोनदा ऐकलं.

हेडमास्तरांनी तिथल्या तिथे मत घेतलं. दहा फूट आणि डोकं आहे तसं, याला ज्यांची संमती त्यांनी हात वर करावा. स्वतःचा हात त्यांनी आधी वर केला. दोन व्यापाऱ्यांनी केला. पाटलांनी आणि एकाने केला नाही. तीन विरुद्ध दोन. पाटील शिडी चढून वर आले, मावशीसमोरून जाताना थांबले नाहीत, पण मोटारीशी जाऊन मला म्हणाले, "मी हात वर नाई केला. पन कमिटीनं केला, तं आता कमिटीचा शब्द थोच माहा शब्द." शत्रू असावा तर असा, असं मला वाटलं.

पुढे राज्य बदललं. विदर्भ मुंबईकडे गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि जिथे मी शिकले ते नागपूर बघता बघता परराज्य झालं. राजधानी भोपाळ. उद्घाटनाला नागपूरहून कुणीतरी मोठं माणूस आणायचं ठरलं होतं, ते बारगळलं. चौकातली जागा सरकारी, तिची मंजुरी आता कुणी द्यायची हे कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. "भोपाळहून उत्तर येऊ द्या," असं मला सांगायचे. मी दर शनिवारी शाळा सुटली की कचेरीतल्या बाकावर जाऊन बसायचे, उत्तर आलं का विचारायचे आणि कुलूप लागेपर्यंत उठायचे नाही. सोबत वह्या तपासायला घेऊन जायचे. सहा महिने बसले. शेवटी तिथला कारकून वैतागून म्हणाला की मॅडम, आप ही लगा लो, कोई नहीं रोकेगा. मी म्हटलं, तेवढं लिहून द्या. आणि त्याने दिलं.

पुतळा सरकी वाहणाऱ्या ट्रकमधून, गवतात निजून चौकात आला आणि दहा फुटांच्या चौथऱ्यावर उभा राहिला. नारळ फोडला, पेढे वाटले, भाषण झालं नाही. लोकांनी माना वर केल्या. अगदी विहिरीतून दिसली तशीच ती दिसली. मी जिंकले होते आणि मला ते फार आवडलं होतं. पुढचे कितीतरी बाजारचे दिवस मी काही ना काही निमित्त काढून चौकात उभी राहायचे, बघणाऱ्या लोकांना बघत.

अशाच एका बाजाराला सावरगावच्या बाजूने मावशी आली. डोक्यावर पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, भला मोठा भारा. काम संपल्यापासून ती मला भेटली नव्हती. मी आनंदाने पुढे गेले.

"मावशी, पाहिलं का? कशी दिसता तुम्ही?"

"पाह्यलं ना," ती चालता चालता म्हणाली. "पाय लई झाक केले वं बाई. नखंबी केले."

"आणि तोंड?"

"तोंड कुठून दिसन? डोक्शावर भारा हाय ना." आणि ती मान ताठ, नजर समोर ठेवून, पुतळ्याच्या पायांवरून डोळे फिरवत पुढे निघून गेली.

मी तिथेच उभी राहिले. मग तासभर नुसती बघत राहिले. बायका येत होत्या, जात होत्या. गवताचे भारे, सरपण, कापसाची गाठोडी, पाण्याचे हंडे. ज्यांच्या डोक्यावर ओझं होतं त्यांच्यातल्या एकीनेही मान वर केली नाही. करताच येत नव्हती. मान वर केली की ओझं खाली. मी विहिरीत उतरवले ते पाचही पुरुष होते, मोकळ्या डोक्यांचे. चार बोटांचा सगळा हिशेब मी त्यांच्या डोळ्यांसाठी केला होता. जिचा पुतळा, ती त्या हिशेबात कुठेच नव्हती. मला लाज वाटली, आणि ती पाटलांपुढे कधी वाटली नव्हती एवढी वाटली.

पण लाजेत बसून राहणं माझ्या स्वभावात नाही. पुतळा आता खाली आणता येत नव्हता, आणि आणायचाही नव्हता. ओझं खाली आणता येत होतं. दुसऱ्या रविवारी मी मावशीला आणि तिच्यासोबतच्या सहा-सात बायकांना उभं करून त्यांच्या खांद्यांचं माप घेतलं. कुणाच्या मदतीशिवाय डोक्यावरचं ओझं सरळ सरकवून ठेवता यावं आणि तसंच पुन्हा घेता यावं, एवढ्या उंचीचा दगडी ओटा बांधायचा. चौथऱ्यापासून किती लांब, तेही मोजलं. जिथून माझा पुतळा सगळ्यात नीट दिसतो, बरोबर तिथे. या वेळी मी कुणाची मंजुरी मागितली नाही. एक गवंडी, बाबांची बैलगाडी आणि मी. दोन रविवारांत ओटा उभा राहिला. पाटील एकदा येऊन बघून गेले. "हे काय नवीन?" विचारलं. मी म्हटलं, ओझं टेकवायला. ते "हं" म्हणाले आणि गेले.

पुढच्या बाजाराला मावशी भारा घेऊन आली. मी तिला ओट्याशी नेलं. तिने भारा सरकवला, मोकळी झाली, चुंबळ काढून झटकली, दोन्ही हातांनी मान चोळली. मग तिने वर बघितलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता काहीतरी टोमणा मारेल.

"थे मी नाई वं," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "थे माही माय हाय. मी लहान होतो तवा ते मले वावराच्या धुऱ्यावर बसवून वेचे. मी मातीत बसून वर पाहो, अन् माय मधीच पाठ सरळ करे. अशीच दिसे. एवढीच मोठी."

डोकं मोठं वाटतं का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.